मंगळवारचं पान

"पहिला फोन दोन चाळीसला केलात, की दोन पन्नासला?" बचावाच्या वकिलांनी हे इतकं सहज विचारलं, जणू स्टॉपवर उभं राहून बसची वेळ विचारत होते, आणि त्याच क्षणी सिस्टरच्या डोक्यातून सगळे आकडे पुसले गेले. पंधरा दिवस तिनं ते पाठ केले होते. दात घासताना, भाजी चिरताना, गुडघ्याला मलम चोळताना ती पुटपुटत राहिली होती: पहिला फोन, दुसरा फोन, तिसरा फोन, आणि मग ती चौथी वेळ, जिच्यानंतर कुणाला फोन करण्यात अर्थ नव्हता. आता तिथं काहीच नव्हतं. ओळखीच्या घराचा जिना चढावा आणि दारावर भलतीच पाटी दिसावी तसं झालं. तिनं पिंजऱ्याचा कठडा धरला. किती लोकांच्या घामट हातांनी तो गुळगुळीत झाला होता कोण जाणे. वर पंखा फिरत होता, खाली टायपिस्ट दोन्ही हात अधांतरी ठेवून तिच्या उत्तराची वाट बघत होता, आणि वकील मान किंचित तिरकी करून, फार सभ्यपणे थांबले होते. मग तिचा उजवा हात आपण होऊन पर्समध्ये गेला आणि तळाशी असलेल्या डायरीभोवती बोटं मिटली.

"थांबा," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "काय काढताय ते?"

"डायरी, मॅडम."

"कुणाची?"

"माझीच. ड्यूटीची."

समोरच्या बाकावर सरकारी वकिलांनी डोळे मिटून घेतले. ते तिला दिसलं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या खोलीत, फायलींच्या ढिगातून जेमतेम डोकं वर काढून त्यांनी विचारलं होतं, "सिस्टर, तुमच्याकडे त्या दिवसाचं काही लिहिलेलं आहे का हो?" आणि ती म्हणाली होती की आहे, ॲप्रनच्या खिशातली डायरी आहे, सगळ्या नर्सेस ठेवतात, पुढच्या ड्यूटीवालीला सांगायच्या गोष्टी टिपायला, बाकीच्या फेकून देतात, तिला फेकवत नाही एवढंच. वकिलांना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः उठून तिला पाणी दिलं. मग बसले आणि समजावून सांगू लागले. "घरी वाचा. दहा वेळा वाचा. कोर्टात बरोबर आणा. पण शक्यतो काढू नका. अडलात तर परवानगी मागून बघता येतं, नाही असं नाही. त्या वेळी, तुमच्या हातानं लिहिलेलं आहे ना, मग चालतं. पण एकदा काढलीत की ते पान त्यांचंही झालं. समोरचा वकील म्हणेल, दाखवा. दाखवावं लागतं. आणि त्यावर काय वाट्टेल ते विचारेल." ती हसून म्हणाली होती, "विचारू देत की. इंजेक्शनं आणि सलाइन याशिवाय काय असणार त्यात?" खरंच तसं वाटत होतं तिला. माणूस स्वतः लिहिलेलंसुद्धा विसरतो. विसरायचं असतं म्हणूनच लिहितो की काय, असं तिला नंतर वाटलं.

घरी येऊन तिनं माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला, वर्ष शोधलं, महिना शोधला आणि मंगळवारचं पान उघडलं. भर दुपार होती, खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. पानावर निळ्या शाईत, घाईघाईनं: बेड ४, ताप उतरला. बेड ७, टाके उद्या. बेड ११, दोन चाळीस, श्वास लागला, डॉक्टरांना फोन. तीन पाच, पुन्हा फोन. तीन वीस, पुन्हा. तीन पन्नास, डॉक्टर नाहीतच, गेले. त्या 'गेले'च्या पुढे पूर्णविराम होता, घट्ट दाबून दिलेला. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात, तारखेच्या शेजारी, अगदी बारीक अक्षरात तीन छोटी वाक्यं होती. ती वाचून सिस्टर खुर्चीवरून उठली, स्वयंपाकघरात गेली, तिथं काय हवं होतं ते आठवेना म्हणून परत आली आणि डायरी मिटून ठेवली. नंतर तिनं पेन काढलं होतं. कोपरा गिरवून काळा करणं काही अवघड नव्हतं. पण इतकी वर्षं केसपेपर लिहिलेल्या बाईला हे समजत होतं, की जिथं खाडाखोड असते तिथंच माणसं बोट ठेवतात. कोपरा काळा केला असता तर वेळाही काळ्या झाल्या असत्या. म्हणून तिनं ठरवलं की कोर्टात डायरी उघडायचीच नाही. पाठ करायचं.

"सिस्टर," न्यायाधीश बाई आता थोड्या पुढं वाकल्या होत्या. वयानं चाळिशीच्या, आवाज सर्दीनं बसलेला. "नीट ऐका. त्या वेळी तुम्ही स्वतः लिहिलेलं असेल तर बघायला मी परवानगी देऊ शकते. पण इथं उभं राहून वाचून दाखवायचं नाही. बघायचं, मिटायचं आणि मग सांगायचं. आणि तुम्ही बघितलंत तर ते पान यांनाही बघायचा हक्क आहे. समजलं? बघायचंच असं काही नाही. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, तसं लिहून घेऊ."

आठवत नाही म्हणा. किती सोपं होतं ते. एवढं म्हटलं की तिला पिंजऱ्यातून उतरता येणार होतं, आणि मागच्या बाकावर बसलेल्या बेबीच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन दोन घोट पिता येणार होते. बेबी म्हणजे तिची धाकटी बहीण. अठ्ठावन्न वर्षांची झाली, दोन नातवंडं झाली, तरी घरात बेबीच. चार तासांचा प्रवास करून ती काल आली होती, कारण ताईचा गुडघा दुखतो आणि कोर्टाचे जिने ताईला एकटीला जमायचे नाहीत. सकाळी ताईची वेणीसुद्धा तिनंच घातली होती. "कोर्टात जायचंय, जरा नीट दिस. नाहीतर साक्षीदाराऐवजी आरोपी समजतील तुला," असं म्हणून स्वतःच हसली होती.

बेबीच्या पलीकडे, एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, बेड अकराची बायको बसली होती. तिच्याकडे सिस्टरनं सकाळपासून बघायचं टाळलं होतं. नऊ वर्षं ती बाई हा खटला धरून बसली होती. तिचा नवरा कारखान्यात लेथवर काम करायचा. साधं हर्नियाचं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी जायचा होता. त्या मंगळवारी दुपारी त्याला श्वास लागला आणि ज्या डॉक्टरांची ड्यूटी होती ते हॉस्पिटलच्या आवारात नव्हतेच. हॉस्पिटलच्या कागदांवर मात्र पहिला फोन साडेतीनला लागला होता आणि डॉक्टर तीन पस्तीसला हजर होते. फोनची नोंदवही गहाळ झाली होती. दुसरी नर्स परदेशी निघून गेली होती, वॉर्डबॉय वारला होता. उरली होती फक्त सिस्टर; आणि तिनंही पोलिसांना जबाब देताना 'पावणेतीनच्या सुमारास' असं म्हटलं होतं. त्या एका 'सुमारास'वर वकील सकाळपासून हातोडी मारत होते. तिनं आता आठवत नाही म्हटलं, की हॉस्पिटलचा कागदच खरा ठरणार होता. आरोपीच्या जागेवर डॉक्टर बसले होते, केसांना कलप लावलेले, हात मांडीवर जुळवून ठेवलेले. त्यांच्याविषयी तिला आता फारसा रागही वाटत नव्हता.

तिला वाटत होती ती एक वेगळीच भीती. या पंधरा दिवसांत पान वाचून वाचून तिनं त्या माणसाला आठवायचा प्रयत्न केला होता. बेड अकरा खिडकीपाशी होता, हे आठवत होतं. खिडकीची एक काच तडकलेली होती, तिला चिकटपट्टी लावलेली होती, हे आठवत होतं. पण त्या पलंगावर कोण होतं? किती मरणं बघितली होती तिनं, आणि त्यातल्या कितीतरी माणसांचे चेहरे, हात, शेवटचं काहीबाही बोलणं तिच्यापाशी होतं. हा माणूस नव्हता. तो दिवस मात्र होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कुठंही न फाटलेला. पण तो वॉर्डातला दिवस नव्हता. तो घरातला होता.

तेव्हा आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तिला काही ओळखीचं उरलं नव्हतं. सिस्टरचं लग्न राहून गेलेलं, त्यामुळे आई तिच्याकडे हे सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलेलं, तिनंही धरलेलं. आधी आईनं दोनदा गॅस उघडा टाकला. मग एकदा भर रहदारीत नुसत्या परकरावर सापडली, हातात रिकामी पिशवी. सांभाळायला ठेवलेली बाई महिन्यात काम सोडून गेली, दुसरी आठवड्यात. तेव्हा सिस्टरनं सुताराला बोलावून आईच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. सुतारानं विचारलं, "बाहेरून?" ती म्हणाली, "मांजर शिरतं हो, सामान नासवतं." सकाळी साडेसातला कडी लावायची, ड्यूटी चारला सुटली की पळत घरी येऊन काढायची. आत पाण्याची बाटली, ताटलीत बिस्किटं, कोपऱ्यात झाकणाची बादली. पहिल्या आठवड्यात तिला जिन्यातच रडू यायचं. मग येईनासं झालं. कुलूप लावावं तशी ती कडी लावू लागली. आईही बहुतेक वेळा भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. तिला मुलगी घरात असली काय आणि नसली काय, सारखंच, असं सिस्टर स्वतःला सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. त्या मंगळवारी सकाळी मात्र, सिस्टर बिस्किटं ठेवून वळली तेव्हा आईनं तिचं मनगट धरलं. लख्ख डोळ्यांनी बघितलं. कित्येक महिन्यांनी, तिच्या लहानपणीच्या लाडक्या नावानं हाक मारली आणि म्हणाली, "आज नको ना जाऊस." अगदी पूर्वीच्या आवाजात. सिस्टरनं घड्याळ बघितलं. सात एकतीस झाले होते. तिनं आईची बोटं एकेक करून सोडवली, बाहेर आली आणि कडी लावली. जिना उतरेपर्यंत दार वाजत होतं.

"मॅडम," सिस्टर म्हणाली, "मी बघते."

ती हे का म्हणाली, याचा नंतर तिनं पुष्कळ विचार केला. धैर्य वगैरे काही नव्हतं. बेड अकराच्या बायकोनं त्याच वेळी चष्मा काढून पुसायला घेतला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की या बाईलाही आठवणार नाही हे तिनं आधीच मनाशी धरलंय. कुणी आपल्याकडून इतकी कमी अपेक्षा करतंय, हे सिस्टरला सहन झालं नाही. एवढंच.

तिनं डायरी उघडली. पान लगेच सापडलं, तिथं ती पंधरा दिवस उघडून उघडून सैल झाली होती. तिनं बघितलं, मिटली आणि सांगितलं, "दोन चाळीस. मग तीन पाच. मग तीन वीस. तीन पन्नासला ते गेले. तोवर डॉक्टर आले नव्हते."

न्यायाधीश बाईंनी टायपिस्टला वाक्य सांगायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबून विचारलं, "हे पान बघून तुम्हाला आठवलं, की जे लिहिलंय तेच सांगताय? दोन्ही चालेल. पण खरं काय ते सांगा."

"माणूस आठवत नाही, मॅडम." हे तिला मोठ्यानं म्हणावं लागलं, कारण पंख्याचा आवाज फार होता. "चेहरा आठवत नाही. काय बोलले, तेही नाही. पण वेळा बरोबर आहेत. मी तेव्हाच्या तेव्हा लिहिल्यात, घड्याळ बघून."

मागे बाक करकरला. कोण हललं ते तिनं बघितलं नाही.

मग बचावाचे वकील पुढं आले, त्यांनी हात पुढं केला आणि तिनं डायरी दिली. ते वाचू लागले. तिला त्यांची नजर खाली खाली सरकताना दिसत होती, आणि मग ती वर, कोपऱ्याकडे गेली. तिथं थांबली. वकील वाईट माणूस नव्हते. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आपल्या अशिलाकडे, घसा साफ केला.

"सिस्टर, वर कोपऱ्यात लिहिलंय तेही तुमचंच अक्षर?"

"हो."

"त्याच दिवशी लिहिलेलं?"

"त्याच दिवशी. वॉर्डात शिरल्या शिरल्या."

"मॅडम, हा खासगी मजकूर आहे," सरकारी वकील उठले. "याचा खटल्याशी काय संबंध?"

"साक्षीदाराचं लक्ष त्या दिवशी कुठं होतं, हा माझा प्रश्न आहे," बचावाचे वकील म्हणाले, थोडं खाली बघत.

न्यायाधीश बाईंनी डायरी मागून घेतली, वाचली. बराच वेळ लावला त्यांनी तीन वाक्यांना. "पान एकच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "विचारता येईल. सिस्टर, तुम्ही वाचता, की यांनी वाचायचं?"

"मी वाचते."

तिनं डायरी डोळ्यांजवळ धरली, अक्षर फार बारीक होतं. "आज आईनं मला ओळखलं. तरी बाहेरून कडी लावून आले. दार वाजवत होती."

खोलीत काही फार मोठी शांतता वगैरे पसरली नाही. कुणीतरी खोकलं, दाराशी एक शिपाई दुसऱ्याशी कुजबुजत होता. पण सिस्टरला मागून काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज आला आणि तिला कळलं की ती पाण्याची बाटली आहे. ती घरंगळत बाकाखाली कुठंतरी गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"म्हणजे," वकील म्हणाले, "वृद्ध, आजारी आईला खोलीत बंद करून तुम्ही कामावर आला होतात."

"हो."

"रोज?"

"रोज. सात महिने."

"आणि त्या दिवशी विशेष बेचैन होतात. मन घरी होतं."

"हो."

"मग मन घरी असताना घड्याळाच्या वेळा इतक्या अचूक कशा काय टिपल्यात तुम्ही?"

या प्रश्नाचं उत्तर तिनं पाठ केलेलं नव्हतं. आणि ते शोधावंही लागलं नाही. "मन घरी होतं म्हणूनच," ती म्हणाली. "चारला सुटायचं होतं ना. सुटले की पळायचं होतं. मी सकाळपासून घड्याळाकडेच बघत होते साहेब. दर पाच मिनिटांनी बघत होते. पेशंटकडे नाही बघितलं तेवढं घड्याळाकडे बघितलं. त्या दिवसाचं दुसरं काहीही चुकेल माझं. वेळ नाही चुकणार."

वकिलांनी पुढचा प्रश्न विचारायला कागद उलटला, परत सुलटा केला आणि म्हणाले, "आणखी काही नाही." न्यायाधीश बाई टायपिस्टला सांगू लागल्या, त्या बसलेल्या आवाजात, कोर्टाच्या भाषेत: "हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या दिवशी साक्षीदार स्वतःच्या आईस खोलीत बंद करून कामावर आली होती. हे म्हणणे खरे नाही की, त्यामुळे तिने वेळा चुकीच्या नोंदविल्या." टायपिस्टची बोटं टकटक चालली. सिस्टर ऐकत राहिली. सात महिने, कडी, बादली, मनगटावरची ती पाच बोटं, सगळं एका 'खरे आहे'मध्ये बसलं होतं आणि पुढच्या ओळीवर गेलंही होतं. मग तिला वाचायला कागद दिले, तिनं वाचले आणि जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. सही नेहमीसारखीच आली.

बाहेर व्हरांड्यात बेड अकराची बायको भिंतीला टेकून उभी होती. सिस्टर लंगडत बाहेर आली तशी ती पुढं झाली. जवळून ती बरीच म्हातारी दिसत होती.

"वकील म्हणतात, चांगली झाली साक्ष," ती म्हणाली.

"हो का."

"मी खाली औषधाच्या रांगेत होते तेव्हा. वर आले तर चादर ओढलेली. शेवटी त्यांच्याजवळ तुम्हीच होतात. इतकी वर्षं मी मनात म्हणायची, साक्षीआधी त्यांच्याशी बोलायची परवानगी नाही, पण एकदा साक्ष झाली की त्या सिस्टरांना विचारीन. त्यांना तरी माहीत असेल." ती थांबली. "उंच होते ते. इथं, डाव्या भुवईत खोक होती. मशीनचा तुकडा उडालेला. बघा ना आठवतंय का."

सिस्टरनं बघितलं. खरोखर, डोळे मिटून बघितलं. तडकलेली काच, चिकटपट्टी, आणि भिंतीवरचं घड्याळ. आयुष्यभर तिनं नातेवाइकांना सांगितलं होतं, त्रास झाला नाही हो त्यांना, शांतपणे गेले, तुमची आठवण काढली. निम्म्याहून जास्त वेळा ते खोटं होतं आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आताही ते वाक्य जिभेवर तयार होतं. पण मघाच्या शपथेची चव अजून तोंडात होती, की आत एवढं सगळं सांगून झाल्यावर आता खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं, कोण जाणे. "नाही हो," ती म्हणाली. "लिहिलंय तेवढंच आहे माझ्याकडे."

त्या बाईनं पिशवीचा बंद नीट केला, मान हलवली, आणि जिना उतरून गेली. सिस्टरला तिची पाठ बराच वेळ दिसत राहिली.

बेबी स्टॉपवर जाऊन बसली होती. सिस्टर तिच्याजवळ जाऊन बसली, मध्ये पिशवी होती. दोन बसेस येऊन गेल्या.

"पाणी ठेवायचीस आत?" बेबीनं विचारलं. समोर बघतच.

"ठेवायची. बाटली. बिस्किटं. बादली."

"बादली," बेबी म्हणाली. "मी सगळ्यांना सांगत फिरले. सासरी, ऑफिसात, तेराव्याला आलेल्या एकूण एक माणसाला. आमच्या ताईनं आईच्या म्हातारपणाचं सोनं केलं म्हणून."

"मी म्हटलं होतं का तुला, सांग म्हणून?"

"सांगू नको असंही नाही म्हणालीस."

ते खरं होतं. उलट, बेबी तसं सांगायची तेव्हा सिस्टरला बरं वाटायचं. त्या मंगळवारानंतर तीन महिन्यांनी आई झोपेतच गेली होती, सकाळी अंग गार लागलं, कुणाला काही विचारायचं कारण पडलं नाही. आणि नंतरच्या वर्षांत बेबीचं ते कौतुक ऐकून ऐकून सिस्टरलाही अधूनमधून वाटू लागलं होतं, की खरंच तसं असेल. बेबीनं पिशवीतून गुडघ्याचा पट्टा काढून तिच्या मांडीवर ठेवला. "मी इथूनच परत जाते," ती म्हणाली. "चारची गाडी मिळेल." सिस्टर म्हणाली, "जेवून तरी जा." तोपर्यंत बेबी उठली होती.

पुढं पाच महिने बेबीचा फोन नव्हता. दर रविवारी सकाळी दहाला यायचा तो बंद झाला. सिस्टरनं दोनदा केला. एकदा सुनेनं उचलला आणि आई अंघोळीला गेल्यात म्हणाली, एकदा कुणी उचललाच नाही. दहाच्या सुमाराला सिस्टर उगाच काही काम काढून आत-बाहेर करायची. मग निकाल लागला. सरकारी वकिलांनी स्वतः फोन करून कळवलं: डॉक्टरांना दोषी धरलं, शिक्षा झाली, ते वर अपील करतील, पण निकालपत्रात तुमच्या डायरीवर दीड पान आहे, सिस्टर, अशी नैसर्गिक साक्ष क्वचित मिळते असं लिहिलंय. ते फार खुशीत होते. तिनं विचारलं, "त्या बाई आल्या होत्या का निकालाला?" ते म्हणाले, "आल्या होत्या. ऐकलं आणि गेल्या." फोन ठेवल्यावर सिस्टर खुर्चीवर बसून राहिली. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालंय हे तिला कळत होतं, पण ते कळणं पत्ता चुकलेल्या पाकिटासारखं होतं. आपल्या दारात आलेलं, आपलं नसलेलं.

त्यानंतर आठवड्याभरानं बेबी आली. न कळवता, दुपारी. दारात उभी राहिली तेव्हा सिस्टरला पहिल्यांदा दिसलं ते हे, की बेबीनं केस रंगवणं सोडलंय. तिनं चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात आली आणि टेबलाशी बसली. सिस्टरनं चहा टाकला. नातवंडं बरी आहेत का, प्रवास कसा झाला, असलं काहीतरी तिनं विचारलं आणि बेबीनं त्याला काहीतरी उत्तरं दिली.

"मला एक सांगायचंय," चहा समोर आल्यावर बेबी म्हणाली. "मध्ये बोलू नकोस. मी त्या दिवसांत दुपारी इथं फोन करायची. ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली की. तू ड्यूटीवर असणार हे माहीत असायचं मला. आईचा आवाज ऐकावा म्हणून करायची. आधी ती उचलायची, काहीही बोलायची, मला मावशी समजायची, पण बोलायची. मग उचलेनाशी झाली. वाजून वाजून बंद व्हायचा. मी रोज करायची, ताई. महिनोन् महिने."

"मला कधी बोलली नाहीस."

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तू कधी मला खोटं सांगितलेलं नाहीस. आणि तू सांगितलं असतंस तर मला तिला घेऊन जावं लागलं असतं." बेबी कपाच्या कानाशी चाळा करत होती. "घरी माझ्याच सासूचं करत होते. दोघींचं कसं जमलं असतं? म्हणून विचारलं नाही. नुसती वाजवत राहिले. वाजतोय, म्हणजे फोन चालू आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असं काहीतरी."

सिस्टरला वाटलं, आपल्याला हलकं वाटायला हवं. निम्मा भार कुणी उचलला की हलकं वाटतं. तसं झालं नाही. उलट तो भार दोघींपाशी अख्खा अख्खा असल्यासारखा वाटला. तिनं बेबीच्या हाताकडे बघितलं. आईची बोटं होती ती, टोकाशी चपटी. इतक्या वर्षांत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"ताई," बेबीनं खालच्या आवाजात विचारलं, "तिला आत ऐकू यायचा का गं फोन?"

फोन बाहेरच्या खोलीत होता, आईच्या दारापासून तीन पावलांवर. आणि आत्ता, इतक्या वर्षांनी, कुठल्याही पानावर न लिहिलेलं काहीतरी सिस्टरला आठवू लागलं. संध्याकाळी कडी काढून दार ढकललं की ते पुरतं उघडायचं नाही. आई दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेली असायची. उशी उराशी धरलेली. आणि तक्रारीच्या सुरात म्हणायची, केव्हाची घंटा झाली. घंटा झाली, सगळ्या मुली गेल्या. सिस्टर तिच्या काखेत हात घालून तिला उठवायची, हो का, झाली का घंटा, असं म्हणायची, बादली उचलायची, आणि ते बोलणं बाकीच्या असंबद्ध बोलण्याबरोबर सोडून द्यायची.

बेबी तिच्याकडे बघत होती. नाही म्हणता आलं असतं. दार जाड होतं, आईला कमी ऐकू यायचं, काहीही म्हणता आलं असतं. खोडून काढायला कुठं काही लिहिलेलं नव्हतं.

"यायचा," सिस्टर म्हणाली.

"मग? काय करायची ती?"

"तिला वाटायचं, शाळा सुटली. उशी घेऊन दाराशी येऊन बसायची, दप्तर धरावं तशी धरून. न्यायला कुणीतरी येईल म्हणून."

बेबीनं मान हलवली. एकदा, दोनदा. मग ती हळूहळू हलवतच राहिली, आणि सिस्टरनं खुर्ची पुढं ओढली, तिचं मनगट धरलं, आणि चहा गार होऊन वर साय धरेपर्यंत सोडलं नाही.